पाटी-पुस्तक आणि अबकारी

सन २०२५ च्या जून महिन्यात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढविले, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच वस्तू व सेवा कर परिषदेने शाळकरी मुलांच्या वह्या, पेन्सिली आणि खोडरबरे करमुक्त केली. हे दोन निर्णय दोन निरनिराळ्या अधिकारपीठांनी निरनिराळ्या कारणांसाठी घेतले असले, तरी ते शेजारी-शेजारी ठेवून पाहण्याचा मोह कोणाही सहृदय नागरिकाला व्हावा, हे स्वाभाविकच आहे. विद्येवरचा कर उतरला, व्यसनावरचा चढला. तेव्हा राज्यकर्त्यांना अखेर सदसद्विवेक सुचला, असे म्हणून पुष्कळांनी समाधानाचा सुस्कारा टाकला. त्या समाधानात मला मनापासून सहभागी होता आले असते तर बरे झाले असते. परंतु या दोन करांमध्ये जो नीतीचा संबंध दिसतो तो वरवरचा आहे. त्यांचा खरा संबंध खजिन्याचा आहे, तो शंभर वर्षांहून जुना आहे, आणि तो जोवर उकलत नाही तोवर वही स्वस्त झाली काय आणि बाटली महाग झाली काय, मूळ दुखणे जागच्या जागीच राहणार आहे, असे माझे मत आहे.

प्रथम वहीकडेच पाहू. शाळा उघडण्याच्या आधीच्या आठवड्यात पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, किंवा कोणत्याही तालुक्याच्या गावी बाजारपेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानात, मुलाचे बोट धरून उभ्या राहिलेल्या आईच्या हाती जे बिल पडते ते नीट वाचण्यासारखे असते. पाठ्यपुस्तकांवर कर नाही, तो पूर्वीही नव्हता. वह्यांवर बारा टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला. पेन्सिल, शार्पनर, खडू, रंगीत कांड्या यांवरचाही गेला. कंपासपेटीवर मात्र पाच टक्के आहे. गणवेशावर पाच टक्के आहे, बुटांवरही पाच. आणि पेनावर अठरा टक्के! ज्या वहीवर सरकारने कृपादृष्टी केली, त्या वहीत ज्या साधनाने लिहावयाचे, ते साधन आधुनिक करव्यवस्थेच्या लेखी चैनीच्या नसले तरी सर्वसामान्य व्यापारी मालाच्या पंक्तीत बसलेले आहे. आणि या सर्व वस्तू ज्यात भरून न्यावयाच्या त्या दप्तरावरही तोच अठरा टक्क्यांचा दर लागू आहे. संध्याकाळी तोच मुलगा क्लासला जातो, त्या क्लासच्या फीवरही अठराच टक्के.

या दरांमागे काही तत्त्व असेल, अशा समजुतीने कोणी त्यांचा इतिहास पाहू जाईल तर त्याची निराशाच होईल. शार्पनरसारखी क्षुद्र वस्तू घ्या. नव्या करपद्धतीच्या आरंभी तिच्यावर बारा टक्के कर होता. जुलै २०२२ मध्ये चाकू-सुऱ्यांच्या जोडीला बसवून तो अठरा करण्यात आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा बारा झाला. आणि आता शून्य. भूगोलाच्या तासाला लागणारे नकाशे व पृथ्वीगोल प्रथम करमुक्त होते, मग त्यांवर बारा टक्के बसले, मग ते पुन्हा करमुक्त झाले. बॉलपेनवरचा बारा टक्क्यांचा कर १ ऑक्टोबर २०२१ पासून अठरा झाला तो अद्याप अठराच आहे. ज्या धोरणात एका वस्तूचा दर पाच-सात वर्षांत तीनदा बदलतो आणि तिच्या शेजारच्या वस्तूचा दर कोणाच्या ध्यानातही येत नाही, ते धोरण शिक्षणाविषयीच्या आस्थेतून निघालेले नसून दरपत्रकाच्या सोयी-गैरसोयीतून निघालेले असते.

शिवाय करमाफीचाही एक गुप्त खर्च असतो, तो ग्राहकाला दिसत नाही. शाळेच्या फीवर कर नाही, ही गोष्ट खरी. परंतु शाळा जे संगणक विकत घेते, जी बाके बनवून घेते, जी इमारत बांधते, त्या सर्वांवर ती कर भरते, आणि स्वतःची सेवा करमुक्त असल्यामुळे भरलेल्या कराची वजावट तिला मिळत नाही. एखाद्या कारखानदाराने संगणक घेतला तर त्यावरचा कर तो पुढच्या हिशेबात वळता करून घेतो. शाळेने घेतला तर तो कर शाळेच्याच माथी बसतो, आणि फी घेणारी शाळा असेल तर तिथून तो पालकाच्या. म्हणजे जेथे कर नाही असे आपण समजतो तेथेही कर आहे. फक्त बिलावर त्याचा रकाना नाही. वह्यांच्या बाबतीत निदान एवढा विचार झाला की वह्यांसाठी लागणारा कागदही करमुक्त करण्यात आला. मात्र तोच कागद अन्य कामासाठी गेला की अठरा टक्के. एकाच गिरणीतून निघालेल्या, एकाच प्रतीच्या रिमाचा कर त्याच्या भावी नशिबावर ठरावा, ही व्यवस्था कागद विकणाऱ्याला आणि त्याच्या हिशेबनिसाला किती डोकेदुखी देत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

आता प्रश्न असा की, पेनावरचा कर महाराष्ट्र सरकारला नको असेल तर ते तो काढून का टाकीत नाही? त्याचे उत्तर असे की, तो अधिकार आता त्याच्या एकट्याच्या हाती राहिलेला नाही. २०१६ च्या एकशे एकाव्या घटनादुरुस्तीने जी परिषद निर्माण केली, तीत मताचे एकतृतीयांश वजन केंद्राचे आणि दोनतृतीयांश सर्व राज्यांचे मिळून आहे. तीनचतुर्थांश बहुमताशिवाय तेथे ठराव होत नाही. वहीवर किती कर घ्यावा, हा मुंबईत ठरणारा विषय राहिला नाही. त्याच घटनादुरुस्तीने मात्र एक वस्तू या सगळ्या व्यवस्थेच्या बाहेर, व्याख्येतूनच वगळून, ठेवली आहे. आणि ती म्हणजे मानवी सेवनासाठीचे मद्य. पेट्रोल आणि डिझेल हेही बाहेर आहेत, परंतु ते परिषदेच्या मर्जीने उद्या आत येऊ शकतात; मद्याला आत आणावयाचे तर पुन्हा घटनाच दुरुस्त करावी लागेल. राज्यांनी हा हट्ट का धरला असेल, हे ज्यांनी सरकारी जमाखर्चाची पुस्तके कधी चाळली असतील त्यांना सांगावयास नको. अबकारी ही राज्यांची वंशपरंपरागत मिरास आहे, आणि मिरासदार आपली मिरास सुखासुखी सोडीत नसतो.

याचा परिणाम मात्र विलक्षण झाला. विक्रीकर गेला, जकात गेली, प्रवेशकर गेला, आणि त्यांच्या जागी आलेल्या कराचा दर वाढविण्याची मुभा राज्याला नाही. पहिली पाच वर्षे केंद्राने महसुलात दरसाल चौदा टक्के वाढीची हमी दिली होती, ती जून २०२२ मध्ये संपली. तेव्हा ज्या दिवशी खजिन्यात खडखडाट होतो आणि घोषणा मात्र केलेल्या असतात, त्या दिवशी अर्थखात्याचा हात ज्या थोड्या खुंट्यांपर्यंत पोहोचू शकतो, त्यांत मुद्रांक शुल्क, इंधनावरचा कर आणि मद्य याच ठळक आहेत. त्यांतही मद्याची खुंटी अशी की, ती पिरगाळली तर कोणी उघडपणे ओरडत नाही, कारण ओरडणारा कोण हे शेजाऱ्याला कळते.

आणि येथेच इतिहासाकडे वळणे प्राप्त आहे. कारण शाळा आणि गुत्ता यांची सरकारी जमाखर्चात पडलेली गाठ ही आजची नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातील शेतकऱ्याकडून जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' म्हणून घेतला जाई आणि त्यातला एकतृतीयांश शिक्षणाकडे जात असे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुल्यांनी जो कळीचा मुद्दा मांडला तो हाच होता की, रयतेच्या घामातून आलेला पैसा उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुले अक्षरशत्रू राहतात. हेच जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध नगरपालिकेला लिहीत होते. शाळेला पैसा पुरत नाही आणि दारूची दुकाने वाढत आहेत, ह्या दोन तक्रारी एकाच लेखणीतून निघाव्यात, यात योगायोगाचा भाग फारसा नव्हता. १८७८ च्या अबकारी कायद्याने इंग्रज सरकारने मद्यनिर्मिती आपल्या मुठीत आणली होती, आणि ती मूठ इतकी घट्ट होती की १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतल्या आदिवासींनी मोहाची फुले जवळ बाळगण्यावरही निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा करण्यात आला. रानात पडणारे फूल वेचणे हाही महसुलाचा अपराध ठरला, कारण घरी गाळलेल्या दारूवर सरकारचा हिस्सा नव्हता.

पुढे १९१९ च्या सुधारणांनी प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली आणि शिक्षण हे खाते लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपविण्यात आले. रँग्लर परांजपे यांच्या मंत्रिपदाच्या काळात, १९२३ मध्ये, मुंबईचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. परंतु सक्तीचे शिक्षण कागदावर आणणे सोपे आणि गावात आणणे अवघड, कारण त्याला लागणारा पैसा प्रांताच्या ज्या उत्पन्नातून यावयाचा, त्यात जमीनमहसुलाच्या जोडीने मोठा आधार होता तो अबकारीचाच. ही गोष्ट १९३७ साली काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारावर येताच उघड्यावर पडली. काँग्रेस दारूबंदीला वचनबद्ध होती, आणि सार्वत्रिक शिक्षणालाही. मात्र दारू बंद केली तर शिक्षणाला पैसा कोठून आणावयाचा, हा पेच होता. आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी आपल्याला दारूच्या उत्पन्नावर विसंबून राहावे लागते, ही या नव्या सुधारणांतली अत्यंत क्रूर विटंबना आहे, अशा आशयाचे गांधीजींनी 'हरिजन'मध्ये लिहिले ते याच वर्षी. आणि शिक्षण हस्तव्यवसायाच्या आधाराने स्वावलंबी करावे, हा जो विचार त्यांनी ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेपुढे ठेवला, त्याची एक प्रेरणा अध्यापनशास्त्राची होती, तशी दुसरी या पेचातून सुटण्याचीही होती. नई तालीम या नावाने ओळखला गेलेला हा विचार दारूबंदीच्या हिशेबाचाही भाग होता, हे आपण विसरून गेलो आहोत.

इतरांनी निराळी वाट शोधली. मद्रासमध्ये राजाजींनी सालेम जिल्ह्यापासून दारूबंदीला आरंभ केला आणि बुडणाऱ्या अबकारीच्या बदल्यात १९३९ मध्ये सर्वसाधारण विक्रीकर बसविला. देशातल्या अशा व्यापक विक्रीकराचा आरंभ तेथून होतो. मुंबईत बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी शहरात दारूबंदी जारी केली आणि तिच्यामुळे पडणारी तूट भरून काढण्यासाठी शहरी स्थावर मालमत्तेवर कर बसविला. घरमालकांनी त्याविरुद्ध केवढे काहूर उठविले! तरीही त्या पिढीचा एक प्रामाणिकपणा मान्य केला पाहिजे: व्यसनाचे उत्पन्न सोडावयाचे तर त्याची किंमत सर्वांनी कर देऊन मोजली पाहिजे, असे लोकांना तोंडावर सांगण्याचे धैर्य तिच्यापाशी होते.

पुढे काय झाले? १९४९ चा दारूबंदी कायदा झाला, १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. साठच्या दशकात ती शिथिल झाली. १९७३ चे देशी मद्याचे नियम आले आणि परवानाधारक दुकाने उघडली. विक्रीकर मात्र राहिला, वाढला, मूल्यवर्धित कर झाला आणि अखेरीस वस्तू व सेवा करात विलीन झाला. म्हणजे दारूच्या उत्पन्नाचा त्याग करता यावा म्हणून देशात जो कर जन्मास आला, तो कर आपण पेनावर, दप्तरावर आणि क्लासच्या फीवर अठरा टक्क्यांनी भरतो आहोत. आणि ज्या उत्पन्नाचा त्याग करावयाचा होता, तेही उत्पन्न सरकार पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात घेतेच आहे. त्यागाची भरपाई वसूल झाली, त्याग तेवढा राहून गेला. वही आणि बाटली यांच्या करांचा विचार करताना ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही.

या स्थितीतली विसंगती महाराष्ट्रात तर विशेष ठळक आहे. आजही येथे मद्यविक्री ज्या कायद्याखाली चालते, तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमच आहे. मद्य प्राशन करणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो आणि पाच रुपयांत एका दिवसाचा परवाना मिळतो. दारूबंदीच्या कायद्याची कलमे चालवून दारूचा महसूल गोळा करणारे राज्य म्हणून आपली नोंद व्हावी. राज्यघटनेचा सत्तेचाळिसावा अनुच्छेद मादक पेये बंद करण्याच्या दिशेने प्रयत्न करावयास सांगतो. परंतु अंदाजपत्रक दरवर्षी त्याच पेयांपासून वाढत्या उत्पन्नाची अपेक्षा करते, आणि या दोन आज्ञांपैकी कोणती मानली जाते हे सांगावयास नको.

जून २०२५ च्या निर्णयाचा तपशील या दृष्टीने बोलका आहे. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यापैकी ज्याची निर्मितिमूल्याची मर्यादा लिटरला २६० रुपयांपर्यंत आहे, म्हणजे जे स्वस्तातले आहे, त्यावरचे शुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पटींवर नेण्यात आले. देशी मद्याचे शुल्क प्रूफ लिटरला १८० रुपयांवरून २०५ रुपये झाले. एकशे ऐंशी मिलिलिटरच्या देशी बाटलीची किमान किंमत ८० रुपये, भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याची २०५ रुपये आणि उंची परदेशी मद्याची ३६० रुपये ठरली. या सर्वांतून वर्षाला सुमारे चौदा हजार कोटी रुपयांचा वाढीव महसूल मिळेल, असा सरकारचा अंदाज होता. हे केवळ व्यसनाला आळा घालण्यासाठी असते तर टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही असतो. परंतु त्याच निर्णयात धान्याधारित 'महाराष्ट्र मेड लिकर' असा एक अगदी नवा प्रकार, १४८ रुपयांच्या किमान किमतीसह, जन्मास घालण्यात आला. जे सरकार पिणाऱ्याला परावृत्त करू पाहते, ते त्याच्यासाठी नवीन पेय निर्माण करीत नाही. परवडत नाही म्हणून वरच्या पायरीवरून उतरणारा गिऱ्हाईक अगदी खाली न जाता मध्येच थांबावा, ही व्यवस्था दुकानदाराची आहे, वैद्याची नव्हे. आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आयात स्कॉचवरचे शुल्क तीनशे टक्क्यांवरून दीडशे टक्क्यांवर आणताना काय सांगितले गेले होते? दर उतरला म्हणजे चोरटी आयात थांबेल आणि महसूल वाढेल! श्रीमंताच्या पेल्याचे शुल्क महसूल वाढावा म्हणून उतरते, गरिबाच्या बाटलीचे शुल्क महसूल वाढावा म्हणून चढते. दोन्ही टोकांना तर्क एकच आहे आणि त्याचा आरोग्याशी काही संबंध नाही.

या वाढीव महसुलाचा भार कोणाच्या संसारावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. रोजंदारीवर जाणारा जो मनुष्य संध्याकाळी देशीची एक क्वार्टर घेतल्याशिवाय घरी परतत नाही, त्याचे ८० रुपये दराने महिन्याचे २,४०० रुपये होतात. व्यसन जडलेला मनुष्य किंमत वाढली म्हणून बाटली सहसा सोडीत नाही. तो घरात द्यावयाच्या पैशांतून तेवढे कापतो. त्याच घरातल्या बाईच्या बँक खात्यात 'लाडकी बहीण' योजनेचे १,५०० रुपये जमा होत असतील. खजिन्यात पडलेला रुपया कोठून आला आणि कोठे गेला हे कोणी दाखवू शकत नाही, हे मला ठाऊक आहे. तथापि नवऱ्याच्या बाटलीतून घेतलेला कर बायकोच्या हातावर ठेवणारे सरकार तिला आवळा देऊन कोहळा काढीत आहे, असे त्या बाईला वाटले तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. दप्तरावरचे अठरा टक्के भरतानाही तिचाच हात पदराच्या गाठीकडे जातो.

मग मद्यावरचा कर उतरवावा काय? मुळीच नाही. किंमत वाढली की मद्याचा एकूण खप, विशेषतः नव्याने पिऊ लागणाऱ्या तरुणांतला, आटोक्यात राहतो, ही गोष्ट जागतिक आरोग्य संघटनेसह सर्वांनी मान्य केलेली आहे. अडचण कर घेण्यात नाही. त्या करावर संसार मांडण्यात आहे. दर वाढवावा तो मद्यातील अल्कोहोलच्या प्रमाणावर, मग ते स्कॉच असो वा देशी संत्रा, आणि दरसाल महागाईच्या मानाने थोडा-थोडा, पूर्वघोषित रीतीने वाढवावा. तिजोरी रिकामी झाली त्या दिवशी एकाएकी दीडपट नव्हे. एकाएकी वाढवलेल्या कराने काय होते, हे इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गोव्याच्या स्वस्त दारूच्या गाड्या पकडणारे शिपाई सांगू शकतील, आणि त्याहून भयंकर उत्तर हातभट्टीपाशी मिळते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे दगावली, ती सर्व त्याच वर्गातली होती ज्याला परवान्याची दारूही महाग पडते. शुल्क वाढविणाऱ्याने हातभट्टीवरचा बंदोबस्त आणि व्यसनमुक्तीची केंद्रे यांची तरतूद त्याच दिवशी केली नाही, तर त्याने अर्धेच काम केले आणि तेही वसुलीचे.

एक सूचना अनेक सज्जन करतात: मद्याचा कर शिक्षणासाठी राखून ठेवावा, म्हणजे वाईटातून चांगले निघेल. ही सूचना मला सर्वांत अधिक घातक वाटते. एकतर राखून ठेवलेल्या पैशाचा आपला अनुभव उत्साहवर्धक नाही. केंद्राने २००४ मध्ये शिक्षणासाठी दोन टक्के उपकर सुरू केला, २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणाच्या नावाने आणखी एक टक्का बसविला, आणि या दुसऱ्या उपकरासाठी स्वतंत्र निधी उभारण्यास मंजुरी मिळाली ती २०१७ मध्ये. वसुली आधी आणि पेटी दहा वर्षांनी! परंतु याहून गंभीर हरकत निराळी आहे. शिक्षकाचा पगार आणि शाळेचे छप्पर बाटलीच्या विक्रीवर अवलंबून ठेवले, की शाळेचे हितचिंतक आपोआपच विक्रीचेही हितचिंतक होतात. आपल्याकडे गावातल्या स्त्रियांनी मागणी केली तर दारूचे दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान होते, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हे असतात, आणि कित्येक गावांतल्या बायकांनी बाटली आडवी करून दाखविली आहे. उद्या त्याच दुकानाच्या शुल्कातून त्यांच्या मुलांच्या शाळेला अनुदान येणार असेल, तर 'दुकान बंद केले तर शाळा बंद पडेल' असे सांगणारा पुढारी कोणत्या गावात मिळणार नाही? चंद्रपूरची दारूबंदी २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली, त्यावेळी बेकायदा धंद्याबरोबरच बुडणाऱ्या महसुलाचाही हवाला देण्यात आलाच. १९३७ मध्ये ज्या पेचाला विटंबना म्हटले गेले, तोच पेच आपण योजना म्हणून स्वीकारावा, याहून शोचनीय ते काय?

शाळेचा खर्च कोणी सोसावा, याचे एक सरळ उत्तर आपल्याच कायद्यांत आहे. १९६२ च्या महाराष्ट्र शिक्षण उपकर अधिनियमाने शहरांतल्या इमारती आणि जमिनी यांवर शिक्षणासाठी उपकर बसविला. शहरातल्या प्रत्येक घरमालकाच्या मालमत्ता कराच्या देयकात 'राज्य शिक्षण कर' असा रकाना तेव्हापासून आहे. ज्याच्याकडे मालमत्ता आहे त्याने शेजाऱ्याच्या मुलाच्या शाळेसाठी उघडपणे द्यावे, अशी ती साधी आणि सन्मान्य कल्पना आहे. तिच्यात कोणाच्या यकृताचा बळी पडत नाही. या उपकराची आकारणी, वसुली आणि विनियोग यांचा हिशेब सुधारणे हे काम कंटाळवाणे आहे, त्यात टाळ्या नाहीत आणि मथळेही नाहीत. पण शिक्षणाचा पैसा उभा करण्याचा रस्ता तिकडूनच जातो.

म्हणून सरकारपुढे माझे मागणे दोनच बाबतींत आहे. वस्तू व सेवा कर परिषदेच्या येत्या बैठकीत महाराष्ट्राच्या प्रतिनिधीने पेन, दप्तर आणि कंपासपेटी ही वहीच्या पंक्तीत बसविण्याचा ठराव मांडावा, आणि शाळांनी खरेदी केलेल्या साधनांवरचा कर त्यांना परत मिळण्याची तरतूद मागावी. परिषदेत आपले मत एकटे पुरे पडत नसले तरी ठराव मांडावयास कोणाची परवानगी लागत नाही. दुसरे, विधिमंडळाने दर अधिवेशनात अर्थमंत्र्यांकडून मद्याच्या महसुलाचे एक निवेदन मागावे: किती आले, त्यातले व्यसनमुक्तीवर किती गेले, आणि कोणता कायमचा खर्च त्याच्यावर अवलंबून आहे. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जेव्हा 'एकही नाही' असे देता येईल, तेव्हा मद्यावरचा कर हा कर राहील, मक्ता राहणार नाही. आणि मग सरकारने तो हवा तेवढा वाढवावा, त्याच्या हेतूबद्दल कोणी शंका घेणार नाही.